स्मार्ट मीटरच्या डेटावरून वीजचोरी शोधताना: ९६ टक्के अ‍ॅक्युरसी, तरी ६० तपासण्यांत २ केसेस का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही बघता येईल. ८,००० ग्राहक, ११ महिन्यांचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा स्मार्ट मीटर डेटा, त्यातले ३२० जण आधीच्या तपासण्यांमध्ये चोरी करताना सापडलेले. त्यावर तुम्ही मॉडेल ट्रेन केलं, अ‍ॅक्युरसी ९६ टक्के आली, मॉडेलने काढलेल्या वरच्या ६० ठिकाणी पथक गेलं आणि चोरी निघाली फक्त २ ठिकाणी. बाकी ९ मीटर बंद पडलेले, काही घरांना कुलूप, काहींच्या छतावर सोलर आणि उरलेल्या ठिकाणी सगळं व्यवस्थित. आता तुम्ही विचारताय की याहून चांगला अल्गोरिदम कुठला, न्यूरल नेटवर्क लावू का.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि मला वाटतं तुमची अडचण अल्गोरिदमची नाहीच. तुमचं मॉडेल "कोणाचा वापर विचित्र दिसतो" हे शोधतंय, आणि तुम्हाला हवंय "वीज कुठे हरवतेय". हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विचित्र वापराची शंभर साधी कारणं असतात, हरवलेल्या विजेची मोजकीच. म्हणून मी नेहमी आधी हरवलेली वीज शोधतो, कुठल्या ट्रान्सफॉर्मरखाली आणि दिवसाच्या कुठल्या वेळी जाते ते बघतो, आणि मग त्या ट्रान्सफॉर्मरखालच्या माणसांकडे वळतो. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे डीटीवर, मीटर आहेत की नाहीत यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. आहेत असं धरून लिहितो, नसतील तर काय करायचं ते शेवटाकडे सांगतो.

आधी ते ९६ टक्के. ८,००० मध्ये ३२० म्हणजे बरोबर ४ टक्के, म्हणजे सगळ्यांना डोळे मिटून "प्रामाणिक" म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी ९६ टक्केच येते. त्यामुळे त्या आकड्यातून मॉडेल चांगलं की वाईट काहीच कळत नाही, तो बाजूला ठेवा. वेगळा हिशोब करून बघा. समजा खरे चोर २ टक्के आहेत, म्हणजे १६०. मॉडेल त्यातले ८० टक्के पकडतं, म्हणजे १२८. आणि प्रामाणिक लोकांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं, पण प्रामाणिक लोक ७,८४० आहेत, त्यांचे ५ टक्के म्हणजे ३९२. यादीत झाले ५२० जण आणि त्यातले खरे १२८, म्हणजे चारातला एक. कागदावर हे मॉडेल उत्तम आहे तरी पथकाला चारपैकी तीन घरांतून हात हलवत परत यावं लागतं. तुमचं पथक एका फेरीत ६० तपासण्या करू शकत असेल तर तुम्हाला मोजायला हवा असा आकडा एकच, वरच्या ६० मध्ये खरे किती.

पण तुमचे ६० पैकी २ आलेत, म्हणजे या हिशोबाहून कितीतरी कमी, आणि त्याचं कारण मला तुमच्या लेबलमध्ये, म्हणजे कोण चोर आणि कोण प्रामाणिक या नोंदींमध्ये, दिसतंय. ते ३२० जण कधी पकडले गेले? ११ महिन्यांच्या मधेच कधीतरी पकडले असतील तर त्यांच्या डेटामध्ये पकडण्याआधीचे महिने आहेत तसे नंतरचेही आहेत. पकडल्यावर मीटर बदलतात, वायर सरळ करतात आणि नोंदलेला वापर एकदम वर उडी मारतो. मॉडेलला ही उडी दिसते आणि ते शिकतं की उडी म्हणजे चोर. टेस्ट सेटमधले, म्हणजे मॉडेल तपासायला बाजूला ठेवलेल्या ग्राहकांमधले, चोरही असेच पकडलेले असल्यामुळे तिथे रिझल्ट झकास येतो, पण आज जो चोरी करतोय आणि अजून सापडलेला नाही त्याच्या डेटामध्ये ही उडी असणारच कशी? मी सुरुवातीला नेमकी हीच चूक केली होती आणि कळायला दोन तपासणी फेऱ्या वाया गेल्या. उपाय सोपा आहे, प्रत्येक केसमध्ये तपासणीच्या तारखेनंतरचा डेटा कापून टाका, आणि ज्यांची तपासणी झालेलीच नाही त्यांनाही तशाच तारखा वाटून तिथे कापा, नाहीतर मॉडेल डेटाच्या लांबीवरूनच ओळखायला लागेल. ट्रेन आणि टेस्ट ग्राहकानुसार वेगळे करा, एकाच ग्राहकाचे काही आठवडे इकडे आणि काही तिकडे असं होऊ देऊ नका. स्मोट (चोरांच्या नोंदींसारख्या कृत्रिम नोंदी बनवणारी पद्धत) वगैरे वापरून चोरांची संख्या वाढवत असाल तर ते स्प्लिट केल्यानंतर आणि फक्त ट्रेनमध्ये.

लेबलची दुसरी अडचण जास्त खोल आहे. उरलेल्या ७,६८० जणांना तुम्ही प्रामाणिक धरलंय, पण त्यातल्या बहुतेकांकडे कोणी कधी गेलेलंच नाही. आणि ३२० सापडले ते जिथे पथकाला जावंसं वाटलं तिथे सापडले. पथक ज्या वस्तीत वारंवार जातं तिथलेच चोर लेबलमध्ये येतात, मॉडेल पुन्हा तिकडेच बोट दाखवतं, पथक पुन्हा तिकडेच जातं, आणि ज्या मोठ्या ग्राहकाकडे कोणी गेलंच नाही तो वर्षानुवर्षं "प्रामाणिक" राहतो. यावर मी ठेवलेला नियम असा की तपासणीच्या जागांपैकी साधारण दहावा भाग चिठ्ठी टाकून, पूर्ण रँडम निवडायचा. पथक कुरकुर करतं, कारण तिथे फारसं काही सापडत नाही. पण आपल्या इथे चोरीचं खरं प्रमाण किती याचा भरवशाचा अंदाज त्या रँडम तपासण्यांतूनच मिळतो, दुसरीकडून नाही.

आता मुख्य काम, ताळेबंद. कल्पना अगदी साधी आहे, डीटीच्या मीटरवर दर अर्ध्या तासाला जेवढी युनिट गेली त्यातून खालच्या सगळ्या ग्राहकांची त्याच अर्ध्या तासातली युनिट वजा करा, उरलं ते नुकसान. त्यात तांत्रिक गळती आणि चोरी दोन्ही असतात. तांत्रिक गळती तारांमध्ये तापून जाते आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लोड दुप्पट झाला की गळतीची युनिट चौपट आणि टक्केवारी दुप्पट. त्यामुळे संध्याकाळी टक्केवारी थोडी चढली म्हणून लगेच चोरी समजायचं नाही, लोडच्या मानाने किती चढायला हवी होती त्याच्याशी ताडून बघायचं.

आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण हा ताळेबंद पहिल्यांदा कधीच जुळत नाही आणि त्याचं कारण बहुतेकदा चोरी नसतं. एकदा माझ्यासमोर एक डीटी होता, खूप मोठं नुकसान दाखवणारा, सगळे म्हणत होते इथे चोरांचा अड्डा आहे. शेजारचा डीटी काढून बघितला तर तिथे नुकसान उणे! म्हणजे गेली त्यापेक्षा जास्त वीज ग्राहकांनी वापरली, जे तिथे सोलर नसताना शक्यच नाही. काही ग्राहकांची नावं रेकॉर्डमध्ये चुकीच्या डीटीखाली होती, एवढीच भानगड. त्यामुळे इंडेक्सिंग, म्हणजे कुठला ग्राहक कुठल्या डीटीवर आणि कुठल्या फेजवर, हे आधी तपासा. त्यासाठी घरोघरी जायची गरज नाही, मीटरच्या व्होल्टेजचा डेटा असला तर एकाच डीटीच्या एकाच फेजवरच्या मीटरचं व्होल्टेज दिवसभर एकत्र वरखाली होतं, त्यांचं कोरिलेशन काढलं की चुकीच्या जागी बसलेला मीटर वेगळा पडतो.

बाकीच्या चुकांचीही प्रत्येकाची आपली खूण असते, आणि ती ओळखायला शिकणं हे मला या कामातलं सगळ्यात उपयोगी कसब वाटतं. डीटी मीटरचं घड्याळ अर्धा तास पुढेमागे असेल तर दिवसाची बेरीज ठीक जुळते पण लोड चढताना आणि उतरताना नुकसान एकदा धन एकदा उणे असं झुलत राहतं. सीटीचा, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा, रेशो रेकॉर्डमध्ये चुकला असेल तर नुकसान चोवीस तास एकाच प्रमाणात दिसतं, उदाहरणार्थ प्रत्यक्षात २००/५ चा सीटी आहे आणि सिस्टीममध्ये २५०/५ लिहिलाय, तर ४० ने गुणायचं ते ५० ने गुणलं जातं आणि काहीही चोरी नसताना २० टक्के नुकसान उभं राहतं. मीटरशिवाय जळणारे रस्त्यावरचे दिवे असतील तर अंधार पडताना नुकसान एका पायरीने वर जातं आणि उजाडताना तसंच खाली येतं. एखाद्या मीटरचं कम्युनिकेशन गेलं आणि तुम्ही त्या रिकाम्या जागी शून्य भरलं तर तेवढं नुकसान तुम्ही स्वतःच तयार केलंत, म्हणून मिसिंगला मिसिंगच ठेवा, ज्या अर्ध्या तासात जास्त मीटर गायब आहेत तो अर्धा तास हिशोबातून काढा. हे सगळं साफ केल्यावर जे उरतं, मोठं, टिकून राहणारं आणि ठरावीक वेळी येणारं, तिथे मग खरी शंका घ्यायची.

आता त्या डीटीखालचा माणूस कसा ओळखायचा, तर हे चोरी कशी चाललीय त्यावर आहे. खांबावरच्या तारेवर सरळ आकडा टाकलेला असेल तर ग्राहकाच्या मीटरमध्ये त्याची काहीच खूण नसते, कित्येकदा तो ग्राहकच नसतो, त्यामुळे तुमचं ग्राहकांच्या वापरावर चालणारं मॉडेल कितीही भारी असलं तरी ही चोरी त्याला दिसणार नाही. ती डीटीच्या ताळेबंदातच दिसते. आणि मग पथकाला ग्राहकांची यादी देण्याऐवजी डीटीचा नंबर आणि वेळ द्यायची, की या डीटीवर रात्री साधारण १० ते ५ या वेळात लाइन फिरून बघा. दुपारी गेलात तर आकडा काढलेला असतो.

मीटरमध्येच छेडछाड करून, सीटी शंट करून (करंटला आडवाट देऊन) वगैरे, ठरावीक टक्के कमी नोंदवत असेल तर तो पकडायला चांगली पद्धत आहे. डीटीची दर अर्ध्या तासाची युनिट (अंदाजे तांत्रिक गळती वजा करून) एका बाजूला घ्या आणि सगळ्या ग्राहकांची युनिट दुसऱ्या बाजूला, आणि रिग्रेशन करा, म्हणजे कोणाच्या युनिटला कितीने गुणलं की बेरीज डीटीशी जुळते ते काढा. प्रामाणिक ग्राहकाचा गुणक १ च्या आसपास येतो. ज्याचा मीटर फक्त ६० टक्केच नोंदवतो त्याचा १.६७ च्या जवळ येतो, कारण त्याच्या नोंदलेल्या प्रत्येक युनिटमागे प्रत्यक्षात तेवढी वीज गेलेली असते. दिवसाला ४८ नोंदी म्हणजे दोन महिन्यांत जवळपास २,९०० समीकरणं, शंभर ग्राहकांच्या डीटीला पुरेशी वाटतात. अडचण येते ती सगळ्यांचा वापर एकदमच वरखाली होतो त्याची, मग गुणक एकमेकांत मिसळतात, एकाचा २ तर शेजाऱ्याचा ०.१ असं काहीतरी येतं. म्हणून मी रिज, म्हणजे गुणकांना फार भरकटू न देणारं रिग्रेशन, वापरतो, १ कडे ओढणारं, आणि वेगवेगळ्या आठवड्यांवर पुन्हा पुन्हा चालवून ज्याचा गुणक प्रत्येक वेळी वर राहतो त्यालाच धरतो.

पण एसी, गिझर किंवा मोटर असं एकच जड उपकरण मीटरच्या बाहेरून जोडलेलं असेल तर ही पद्धत फसते, कारण ते चालू असताना मीटरमध्ये काही हालचालच नसते. तिथे मी दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे तापमान. उन्हाळ्यात डीटीखालच्या सगळ्यांचा वापर वर जातो, डीटीचं नुकसानही वर जातं, आणि मोठा मंजूर लोड असलेल्या एका ग्राहकाचा आलेख सपाट. पुरावा नाही हा, पण विचारायला जागा आहे. दुसरं व्होल्टेज, आणि हे मला फार आवडतं कारण करंट लपवता येतो पण त्याने पडलेलं व्होल्टेज लपवणं अवघड असतं. समजा ग्राहकाच्या सर्व्हिस वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.४ ओहम आहे आणि मीटर म्हणतोय ३ अँपिअर चाललेत, तर खांबापासून मीटरपर्यंत १.२ व्होल्ट पडायला हवेत. त्याच खांबावरच्या शेजाऱ्याशी तुलना करून तुम्हाला ६ व्होल्ट पडलेले दिसले तर त्या वायरमधून १५ अँपिअर जातायत, १२ कुठेतरी मीटरला चुकवून. यात अट अशी की बायपास मीटरपाशी हवा, खांबावरूनच वेगळी वायर ओढली असेल तर त्याच्या सर्व्हिस वायरमध्ये हे दिसणार नाही. शिवाय सैल जोडणीमुळेही व्होल्टेज पडतं, पण ती सापडली तरी बरंच, कारण सैल जोडणी तापून आग लागू शकते.

मीटरच्या इव्हेंटविषयी थोडक्यात सांगतो. कव्हर उघडल्याची, मॅग्नेटची, फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक असल्याची नोंद हे सगळं वापरा, पण एकेकट्या इव्हेंटवर पथक पाठवू नका. फेज-न्यूट्रलचा फरक घरातल्या चुकीच्या वायरिंगमुळे, दोन जोडण्यांचा न्यूट्रल एकत्र झाल्यामुळेही येतो. मला जास्त विश्वास वाटतो तो इव्हेंट आणि वापर एकत्र बदलण्यावर, कव्हर उघडल्याची नोंद आणि त्याच आठवड्यापासून वापर निम्मा. किंवा मीटर म्हणतोय वीज गेली होती आणि त्याच फेजवरचे आजूबाजूचे सगळे मीटर म्हणतायत वीज होती, आणि असं दर रात्री.

या सगळ्यानंतर मॉडेल येतं. ताळेबंदातलं न समजलेलं नुकसान, रिग्रेशनचा गुणक, व्होल्टेजची तफावत, तापमानाला प्रतिसाद, इव्हेंट, मंजूर लोडच्या मानाने वापर, सारख्या ग्राहकांशी तुलना, हे फीचर, म्हणजे मॉडेलला द्यायची माहिती, म्हणून द्या आणि साधं ग्रेडियंट बूस्टिंग (एकामागून एक छोट्या डिसिजन ट्री जोडणारी पद्धत) लावा. ३२० लेबलवर न्यूरल नेटवर्क लावून मला तरी कधी फायदा दिसलेला नाही. तुम्ही पेपरमध्ये जे ९५ च्या वरचे आकडे वाचले असतील ते बहुतेक दोन प्रकारच्या डेटावरचे असतात. एक चीनच्या स्टेट ग्रिडचा, २०१४ ते २०१६ मधला, ४२,३७२ ग्राहकांचा, त्यात दिवसाला एकच आकडा आहे आणि डीटीची माहिती नाही. दुसरा आयर्लंडचा, २००९-१० च्या स्मार्ट मीटर चाचणीतला अर्ध्या तासाचा डेटा, त्यात सगळ्यांना प्रामाणिक धरून चोरी नंतर गणिताने घातली जाते, म्हणजे वापराला ०.१ ते ०.८ मधल्या एखाद्या आकड्याने गुणायचं, काही तास शून्य करायचे, असं. पद्धती शिकायला दोन्ही चांगले आहेत, मी स्वतः त्यावर शिकलोय, पण तिथला आकडा तुमच्या पथकाला लागू होईल असं धरू नका. गणिताने घातलेली चोरी ओळखणं सोपं असतं, आणि पहिल्या दिवसापासून चोरी करणारा, ज्याच्या वापरात कधी घट झालीच नाही, तो त्यात फारसा येत नाही. असा माणूस तुम्हाला ताळेबंद आणि शेजाऱ्यांशी तुलना यातूनच दिसेल.

डीटी मीटर नसतील तर? मग फीडरच्या, म्हणजे अनेक डीटींना वीज पुरवणाऱ्या लाइनच्या, पातळीवर ताळेबंद करा, ढोबळ होईल पण कुठला फीडर आधी घ्यायचा ते कळेल. आणि व्यवस्थापनाला सगळीकडे एकदम मीटर मागू नका, फीडरवर ज्यांचा संशय जास्त अशा मोजक्या डीटींवर तात्पुरते मीटर दोन-तीन आठवडे लावा आणि मग पुढच्या डीटींवर हलवा. मी असंच करून सुरुवात केली होती.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एकदा माझ्या यादीतलं एक नाव वापर एकदम तीन चतुर्थांश घटल्यामुळे वर आलं होतं. पथक दणादणा गेलं, शेजारीपाजारी बाहेर आले, आणि घरात एक वयस्कर गृहस्थ होते ज्यांची बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती, ते एकटे एका खोलीत राहत होते. वापर घटणारच. ते काही बोलले नाहीत, स्वतः उठून मीटर दाखवला. तेव्हापासून यादीच्या कॉलममध्ये "चोर" हा शब्द मी येऊ देत नाही, "तपासणी हवी" असं लिहितो, आणि प्रत्येक नावापुढे कारण एका ओळीत साध्या भाषेत लिहितो, म्हणजे जाणाऱ्याला माहीत असतं की आपण काय बघायला चाललोय. नुसती घट हे कारण असेल आणि त्या डीटीवर न समजलेलं नुकसान नसेल तर पथक पाठवतच नाही, कारण वीज हरवलेलीच नाही तर चोरी कशी असेल? चोरी झालीय की नाही हे जागेवर प्रमाण मीटर (अचूकता तपासलेला मीटर) लावून ठरतं, स्कोअरवरून नाही. अर्ध्या तासाच्या डेटावरून घरात कोणी कधी नसतं हेसुद्धा कळतं, त्यामुळे तो डेटा कोणाकोणाच्या लॅपटॉपवर फिरतोय याकडेही लक्ष ठेवा.

आता तुमच्या त्या ६० तपासण्या. त्या वाया गेल्या असं धरून टाकून देऊ नका, तुमच्याकडे सध्या असलेला सगळ्यात ताजा डेटा तोच आहे. ९ बंद मीटर वेगळ्या लेबलखाली घाला, त्यांच्यासाठी वेगळं छोटं मॉडेल सहज होतं आणि त्यातून बिलात न येणारी वीज लगेच परत मिळते, मी तर नेहमी तिथूनच सुरू करतो. कुलूपबंद आणि सोलरवाल्यांना आता खात्रीचे "चोरी नाही" म्हणून घेता येईल का ते बघा, सोलरवाल्यांना नक्की, कारण तिथे मीटर तपासला गेलाय, कुलूपबंद घरांना नाही, तिथे कोणी आत गेलंच नाही. आणि ज्या २ ठिकाणी सापडलं तिथे चोरी नेमकी कुठल्या प्रकारची होती ते पथकाच्या अहवालातून काढा. आकडा होता, मीटरपाशी बायपास होता की मीटरच्या आत छेडछाड, यावर वरच्यापैकी कुठली पद्धत आधी घ्यायची ते ठरेल. ते आणि डीटी मीटर आहेत की नाहीत, एवढं कळवलंत तर पुढचं सांगतो.